जीपला पॉवर स्टीअरिंग बसवतोय, क्रॉसचा अँगल किती चालतो?

करवीर_जीपवाला

नमस्कार मंडळी. जुनी सीजे-३बी आहे, गेले काही महिने जमंल तसं काम चाललंय. इंजिन बदलून झालं, पुढं डिस्क ब्रेक झाले, आता स्टीअरिंगला हात घातलाय. मूळ जीपला कॉलम म्हणजे स्टीअरिंगपासनं थेट स्टीअरिंग बॉक्सपर्यंत (चाकं वळवणारा गिअरचा डबा) एकच सरळ दांडा, मधे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट, तिरका असूनही फिरणारा सांधा) वगैरे काय भानगड नाही. आता पॉवर बॉक्स चेसीला पुढं बसवलाय, कॉलम दुसऱ्या गाडीचा घेतलाय आणि मधला शाफ्ट दोन क्रॉस लावून जोडलाय, कारण डिझेल इंजिनचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नेमका मधे येतोय त्यामुळं शाफ्ट बाहेरच्या अंगाला थोडा काढायला लागला. मोबाईल बाजूनं धरून अँगल बघितला तर वरच्या क्रॉसला २० आणि खालच्याला २५ अंश येतोय.

प्रॉब्लेम असा की पुढची चाकं जॅकवर उचलून स्टीअरिंग फिरवलं तर एका फेरीत दोनदा जड लागतंय आणि दोनदा एकदम हलकं. बॉक्स खराब म्हणून सोडवून वेगळा फिरवला, तो एकसारखा फिरतोय. मग हे अँगलमुळं होतंय काय? आणि सेफ म्हणजे किती अँगल? गाडी घेऊन गगनबावड्याकडं जायचंय, घाटात हातात काय आलं तर संपलंच.

फुल्ल_थ्रॉटल

भावा २५ म्हणजे एकदम ओके हाय, काय टेन्शन घेऊ नको. ३० पर्यंत चालतंय, आरटीओच्या नियमातच ३० अंश लिहिलंय. जड लागतंय ते नवीन क्रॉस असतील म्हणून, ग्रीस मार आणि चालव, आपोआप मोकळं होतंय.

टूलरूम_काका

फुल्ल थ्रॉटल, तो नियम वेगळा आहे रे. केंद्रीय मोटार वाहन नियम, नियम ९८. त्यात ३० अंश म्हणजे स्टीअरिंग व्हीलचा प्ले, म्हणजे चाक हलायच्या आधी व्हील रिकामं किती फिरतं ते. क्रॉसच्या अँगलचा त्यात काय संबंध नाही. आणि तीस अंश प्ले असलेली गाडी मी तर रंकाळ्याला चक्कर मारायला पण नेणार नाही. त्याच नियमात स्टीअरिंगचे नटबोल्ट लॉक केलेले पाहिजेत असंही आहे, ते मात्र सगळ्यांनी वाचण्यासारखं आहे.

आता जीपवाल्या, तुझ्याकडं येतो. सिंगल क्रॉसला ३०-३५ अंश ही बनवणाऱ्यांनी दिलेली मर्यादा असते, ते बरोबर. पण ती मर्यादा म्हणजे तिथं क्रॉस अडकत नाही एवढंच, तिथं तो चांगला फिरतो असं नाही. आणि दुसरी गोष्ट, तू मोबाईलवर जो अँगल घेतलास तो फक्त बाजूनं दिसणारा. शाफ्ट बाहेर पण काढलाय म्हणतोस, मग वरनं बघितलं तर अजून एक अँगल आहे की नाही? खरा अँगल या दोन्हीचा मिळून असतो आणि तो सहसा मोबाईलच्या आकड्यापेक्षा जास्तच निघतो. इथंच सगळे फसतात. बाजूनं २५ दिसतोय म्हणून खूश, आणि खरा ३२ असतोय.

तीन मापं दे. वरच्या क्रॉसच्या सेंटरपासून खालच्या क्रॉसच्या सेंटरपर्यंत पुढं किती, खाली किती, आणि बाजूला किती. ओळंबा सोड, जमिनीवर खूण कर, गुण्या लावून माप. टेपनं हवेत मापत बसू नको. कॉलम आणि बॉक्सचा शाफ्ट प्रत्येकी जमिनीशी किती तिरका आहे तेही दे.

आणि हे मुख्य: मधल्या शाफ्टच्या दोन टोकांना जे योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे चिमटे) आहेत त्यांचे कान एकाच दिशेत आहेत का एकमेकाला काटकोनात? फोटो नको, नुसतं सांग.

करवीर_जीपवाला

काका, मापं घेतली. पुढं ३०० मिमी, खाली ३००, बाजूला ११०. कॉलम २५ अंश तिरका, बॉक्सचा शाफ्ट २० अंश. वरनं बघितलं तर दोन्ही गाडीला सरळ आहेत, फक्त मधलाच बाहेर जातोय.

कान काटकोनात आहेत. एक उभा तर दुसरा आडवा. फिटर म्हणाला असंच असतंय, क्रॉसला लोड वाटून जातो.

बाजावाली_इंजिनिअर

काकांनी मापं मागितली तेव्हाच कळलं हे काटकोनाचंच प्रकरण असणार 😀 कॉलेजात बाजाची (विद्यार्थ्यांची ऑफरोड गाडी बनवायची स्पर्धा) गाडी बनवताना स्टीअरिंग माझ्याकडं होतं, त्यामुळं हे गणित डोक्यात बसलंय. दादा, तुमच्या मापांवरून काढून बघितलं.

वरच्या क्रॉसचा खरा अँगल २४.६ अंश, खालच्याचा २८.७. म्हणजे मोबाईलवरच्या २० आणि २५ पेक्षा दोन्ही चार-साडेचार अंशानी जास्त. मर्यादेत आहेत अजून, पण खालचा आता काठावर जायला लागलाय हे लक्षात ठेवा.

आता जड-हलकं का होतंय ते. साधा क्रॉस अँगलमध्ये फिरला की एका बाजूनं तुम्ही एकसारखं फिरवलं तरी दुसरी बाजू एकसारखी फिरत नाही, एका फेरीत दोनदा पुढं पळते आणि दोनदा मागं राहते. किती, तर सगळ्यात हळू असताना अँगलच्या कोसाइनइतकी आणि सगळ्यात जोरात असताना १ भागिले कोसाइन. १५ अंशाला हे ०.९७ ते १.०४, हाताला कळत पण नाही. ३० अंशाला ०.८७ ते १.१५, हे चांगलंच कळतं. ४५ ला ०.७१ ते १.४१, म्हणजे एका जागी दुप्पट फरक, विषयच संपला. अँगल वाढला तसा हा फरक सरळ वाढत नाही, वर्गाच्या हिशोबानं वाढतो, म्हणून १५ चे ३० केले की त्रास दुप्पट नाही तर चौपट.

दोन क्रॉस असतील तर पहिल्यानं केलेली गडबड दुसरा निस्तरू शकतो, पण त्यासाठी मधल्या शाफ्टचे दोन्ही कान एका रेषेत पाहिजेत. काटकोनात लावले तर उलटं होतं, दोघांची गडबड एकमेकात मिसळून वाढते. तुमच्या गाडीत आत्ता तेच झालंय: रेशो (व्हीलच्या मानानं बॉक्सचा शाफ्ट किती फिरतो तो) ०.८० पासून १.२५ पर्यंत हलतोय. म्हणजे व्हील एका जागी जेवढं फिरवल्यावर चाक जेवढं वळतं त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त दुसऱ्या जागी वळणार. घाटात वळणावर हे हाताला आलं तर गाडी मधेच आत ओढल्यासारखी वाटेल. दोनदा जड दोनदा हलकं, तंतोतंत हेच.

कान एका रेषेत आणले की हाच आकडा ०.९७ ते १.०४ होतो. अँगल एक मिलिमीटर न बदलता. उरलेली गडबड काढायची सोपी रीत: मोठ्या अँगलचा वर्ग वजा लहान अँगलचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. तुमचं येतं साधारण १५ अंश, म्हणजे सगळी सिस्टीम एकच १५ अंशाचा क्रॉस असल्यासारखी वागेल. कंपनीच्या गाड्यात पण एवढा थोडाफार फरक असतो. आणि काटकोनात असताना वजाच्या जागी अधिक करायचं, ते येतं ३८ अंश. तुम्ही आत्ता ३८ अंशाच्या सिंगल क्रॉसवर स्टीअरिंग फिरवताय असं समजा.

फुल्ल_थ्रॉटल

आयला, एवढं गणित हाय यात 😅 गप बसतो आता.

टूलरूम_काका

पोरीनं बरोबर सांगितलंय, मी फक्त हाताच्या कामाचं सांगतो.

लोड वाटून जातो वगैरे काही नसतंय, त्या फिटरला सांगू नको हवं तर, पण शाफ्ट काढ. स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्टच्या टोकावरचे दाते मोज. ३६ असतील तर एका दाताला १० अंश, म्हणजे ९ दाते सरकवून बसव, काटकोन गेला. पण एक बघ, योकला जो आवळायचा बोल्ट असतोय त्याच्यासाठी शाफ्टला खाच असते. खाच गोल सगळीकडनं असेल तर कुठल्याही दातावर बसतंय. एकाच बाजूला सपाट काढलेली असेल तर नऊ दाते सरकवल्यावर बोल्ट खाचेत येणार नाही, आणि तो ठोकून घालायचा नाही. तसं असेल तर शाफ्ट नवा करून घे. तो बोल्ट नुसता आवळायला नसतोय, शाफ्ट निसटू नये म्हणून आडवा अडसर पण तोच असतोय. खाचेत नसलेला बोल्ट म्हणजे नुसत्या पकडीवर स्टीअरिंग.

आता ही गोष्ट फार लोक बघत नाहीत. कॉलम आणि बॉक्सचा शाफ्ट एकमेकाला समांतर असले ना, की मधला शाफ्ट कुठंही जाऊ दे, वर खाली डावा उजवा, दोन्ही क्रॉसचे अँगल आपोआप सारखे येतात आणि सगळं एकाच पातळीत बसतं. मग कान एका रेषेत ठेवले की गडबड शून्य. तुझा कॉलम २५ आणि बॉक्स २०, पाच अंशाचाच फरक आहे. म्हणून क्रॉसचा अँगल कमी करायच्या मागं लागण्यापेक्षा हे पाच अंश कमी कर. मॅनिफोल्ड तोडायला लागत नाही, चेसीवरचा ब्रॅकेट कापायला लागत नाही.

करवीर_जीपवाला

काका पण कॉलम पाच अंश खाली घेतला तर व्हील गुडघ्याला लागंल. जीपमधे आधीच जागा नाही, मी सहा फुटाचा.

बाजावाली_इंजिनिअर

पूर्ण पाच नका घेऊ. कॉलम सातशे मिमी धरला तर पाच अंशाला व्हील ६० मिमी खाली येतं, ते नक्की लागणार. अडीच अंश घ्या, डॅशचा ब्रॅकेट एवढाच खाली की व्हील ३० मिमी खाली येईल. मग वरचा क्रॉस २६.६ होतो, खालचा २८.७ च राहतो, आणि उरलेली गडबड ०.९८ ते १.०२ वर येते. तेवढं पण नाही जमलं तर आहे तसं ठेवा, नुसते कान सरळ करा, तेवढ्यानं पण गाडी चालवण्यासारखी होते. ह्या शेवटच्या टक्क्यासाठी गुडघा देऊ नका.

एक बारीक गोष्ट. उरलेली जी थोडी गडबड आहे ती चाकं सरळ असताना दोन्हीकडं सारखी वाटली पाहिजे, नाहीतर डावीकडं पटकन आणि उजवीकडं सावकाश असं होतं. त्यासाठी व्हील सरळ असताना क्रॉस त्याच्या सगळ्यात हळू किंवा सगळ्यात जोरात जागेवर यावा, अधेमधे नको. व्हील सरळ ठेवून कॉलमच्या योकचे कान बघा: शाफ्ट जिकडं वाकतोय त्याच पातळीत किंवा तिच्या बरोबर काटकोनात कान असले की झालं.

चंदगडचा_पाहुणा

मधेच विचारतो. एका ठिकाणी डबल क्रॉस लावला तर हे सगळं टळत नाही का? आणि तीन क्रॉस लावून मॅनिफोल्डला वळसा घातला तर?

टूलरूम_काका

डबल क्रॉस ६०-७० अंशापर्यंत जातो, पण जागा जास्त खातो, आणि प्ले येण्याच्या जागा दोन होतात. इथं गरज नाही. सिंगलमधे ३५ च्या वर जायला लागलं तरच.

तीन क्रॉसचं मात्र नीट ऐका. दोन क्रॉस असतात तेव्हा एक टोक कॉलमच्या बेअरिंगमधे आणि दुसरं बॉक्समधे पक्कं असतं, मधला शाफ्ट कुठं जाऊ शकत नाही. तिसरा क्रॉस घातला की मधे दोन शाफ्ट होतात आणि त्यांना धरायला कोणी नाही, ते दोरीवर उडी मारल्यासारखे लोंबकळतात. मग तिथं चेसीला सपोर्ट बेअरिंग लावायलाच लागतंय, रॉड एंड म्हणतात ते चालतंय. बेअरिंग नाही तर तिसरा क्रॉस नाही. आणि रबरी कपलिंगचा उपयोग क्रॉससारखा करू नका, ते थरथर खायला असतंय, वाकवायला नाही.

गगनबावडा_रोज

मी मेकॅनिक नाही पण या रोडला आठवड्यातनं जातो म्हणून सांगतो. स्टीअरिंगचं काम झाल्या झाल्या करूळ घाटात उतरू नका. मोकळ्या मैदानात फिरवा, मग वाघबीळपर्यंत जाऊन या, तिथं वळणं पण आहेत आणि काय झालं तर गाव जवळ आहे. मग मोठ्या घाटाचं बघा.

अजून एक, कागदपत्रं. गाडीत एवढा बदल केला तर मोटार वाहन कायदा कलम ५२ लागतो, आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळं केलेलं चालत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलंय. इंजिन बदलताना केलं असशील तसं आरटीओला आधी विचार. इन्शुरन्सवाल्याला नंतर कारणच पाहिजे असतं.

करवीर_जीपवाला

सगळ्यांचे आभार. शाफ्ट काढला. स्प्लाइनला ३६ दातेच आहेत, पण खाच एका बाजूला सपाट आहे त्यामुळं काकांनी सांगितलं तसं नवा करायला लागतोय. उद्यमनगरात एकजण म्हणतोय जुनाच मधनं कापून फिरवून वेल्ड करू, रात्रीत देतो. करू काय? आणि खरा अँगल परत बघायचा तर प्रत्येक वेळी गणित करायला लागंल काय, दुसरी काय युक्ती?

टूलरूम_काका

वेल्ड नाही. नाही म्हणजे नाही. क्रॉसजवळ वेल्डिंग केलं तर आतल्या बेअरिंगच्या सुया आणि सील भाजतात, आणि मधनं कापून नुसतं टोकाला टोक जोडलेला शाफ्ट स्टीअरिंगमधे मी कुणालाच घालू देत नाही. ईएन १९ च्या (मजबूत पोलादाचा प्रकार) बारमधनं एकसंध करून घे. उद्यमनगरात नाही जमलं तर शिरोलीत स्प्लाइन पाडून देणारे आहेत. खाच गोल करून घे म्हणजे पुढं दाता बदलता येईल.

करतोसच तर सरकणारा कर, म्हणजे आत-बाहेर जाणारा. जीपमधे बॉक्स चेसीला आणि कॉलम बॉडीला, मधे बॉडीचे रबर. उसाच्या शेतातनं गाडी काढलीस की चेसी पिळवटते आणि दोघातलं अंतर बदलतं, सरकायला जागा नसेल तर तो सगळा धक्का बॉक्सच्या बेअरिंगवर. शिवाय टक्कर झाली तर सरकणारा आणि वाकलेला शाफ्ट दुमडतो. जुन्या जीपचा सरळ एक दांडा छातीवर भाल्यासारखा यायचा, ते आता तुझ्या गाडीतनं गेलं हे या सगळ्या उद्योगातलं सगळ्यात चांगलं काम. फक्त आतला भाग बाहेरच्यात भरपूर शिरलेला राहिला पाहिजे, सगळ्यात लांब जाईल तेव्हाही.

अँगलची युक्ती: कॉलमच्या बाजूला सरळ सळई बांध, क्रॉसच्या सेंटरच्या पुढं दोनशे मिमी जाईल अशी. सळईवर सेंटरपासून २०० वर खूण, मधल्या शाफ्टवर पण २०० वर खूण. दोन खुणांतलं सरळ अंतर माप. ८७ आलं तर २५ अंश, १०४ आलं तर ३०, १२० आलं तर ३५. बाजूनं बघायचं नाही वरनं बघायचं नाही, थेट खराच अँगल. खालच्या क्रॉसला बॉक्सच्या शाफ्टची सळई धरून तसंच.

बसवल्यावर इंजिन बंद ठेवून एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत (पूर्ण डावीकडनं पूर्ण उजवीकडं) हळूहळू फिरव आणि खाली झोपून बघ. योकचे कान एकमेकाला टेकायला आले तर लगेच थांब. मॅनिफोल्डपासनं बोटभर तरी जागा आणि मधे पत्र्याची आडकाठी, नाहीतर ग्रीस वितळून जातं.

करवीर_जीपवाला

ओके, एकसंध करायला टाकतो. वरच्या योकला ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) आहे, बोल्ट नाही. त्याला काय करायचं?

टूलरूम_काका

आधी जागेवर बसवून ग्रब स्क्रू हलका आवळ, शाफ्टवर खूण उमटते. काढून त्या खुणेवर ड्रिलनं खळगा पाड, स्क्रूचं टोक त्यात बसलं पाहिजे. शाफ्टचं टोक योकच्या आतल्या बाजूला बरोबर संपलं पाहिजे, क्रॉसला लागायला नको. मग स्क्रू, वर चेक नट, आणि लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा डिंक).

करवीर_जीपवाला

लॉकटाइट निळं का लाल?

टूलरूम_काका

निळं. खळगा आणि चेक नट असताना लाल कशाला, पुढं काढताना तूच शिव्या देशील. आणि पहिल्यांदा वाघबीळला जाऊन आलास की परत एकदा सगळं आवळून बघ.